पूर्ण सही

३ मार्च, रविवार

आठवीत असताना दर सोमवारी प्रार्थनेच्या घंटेआधी आम्ही दोघी शाळेमागच्या नळाशी बसून पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांना खडू चोळायचो. माझे बूट रविवारीच धुऊन वाळलेले असायचे. तिचे कधीच नसायचे. मग वर्गातून उचललेला खडू ओला करून तिचा डावा बूट मी रंगवायचे, उजवा ती, आणि घंटा झाली की ती तशीच ओल्या बुटांनी पळायची. सगळ्या व्हरांड्यात पांढरे ठसे उमटायचे आणि त्यांचा माग काढत सिस्टर थेट तिच्या बाकापाशी येऊन उभ्या राहायच्या. त्यात विशेष असं काहीच नाही. पण आज बसमधून उतरले, समोर ती उभी दिसली, आणि माझी पहिली नजर गेली ती तिच्या बुटांकडे. चिखलाने माखलेले! मला इतकं हसू आलं की हातातली बॅग खाली ठेवावी लागली. ती म्हणाली, हसतेस काय बटणे, सकाळपासून पाच मैल चालून आलेय.

ती काटकुळी म्हणून टाचणी, मी गोल म्हणून बटण. साठी ओलांडली तरी आमची नावं काही सुटली नाहीत.

एकतीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेमीत बसवल्या. निवृत्त झाले आणि एकटीच्या घरात दिवस सरता सरेना. जानेवारीत टाचणीचं पत्र आलं. वरचा मजला रिकामा आहे, ये, दोघी मिळून म्हातारपण काढू. वाचलं आणि तिथेच रडले.

दोन खोल्या आहेत. मागच्या खिडकीतून बाग दिसते, पुढच्या खिडकीतून पोस्ट, जिथे टाचणी इतकी वर्षं तिकिटांवर शिक्के मारत बसली. पलंगावर धुतलेली चादर, उशीखाली लॅव्हेंडरची पुरचुंडी. असलं तिला कधीपासून सुचायला लागलं?

जिन्याच्या भिंतीवर पंधरा-वीस फोटो आहेत. काढणाऱ्याला मधोमध धरता येत नव्हतं की काय कोण जाणे. प्रत्येकात टाचणी एका कडेला आणि बाकी चौकट मोकळी. एकात तर तिने हात असा उचलून धरलाय, जणू कुणाच्या खांद्यावर ठेवलाय.

चहा घेताना तिने विचारलं, पिटू आठवते ना गं तुला? मी विचारलं, कोण पिटू? टाचणीचा चेहरा उतरला आणि त्याच क्षणी मला आठवलं. पिटू म्हणजे तिची लेक! बारा वर्षांची होईपर्यंत दर वाढदिवसाला जिचा फ्रॉक मी शिवून पाठवत होते ती पिटू. मेली माझी अक्कल. टाचणी म्हणाली, असू दे, पिटू तीन वर्षं झाली बाहेर आहे, फोनसुद्धा येत नाही फारसा. आणि तिने मला आणखी एक बिस्किट वाढलं.

६ मार्च

आज मला नवा छंद लागला. या वयात!

सकाळी टाचणीने फोन पुढे केला. त्यावर नकाशा आणि नकाशावर हिरवे ठिपके. म्हणाली, याला जिओकॅशिंग म्हणतात. कुणीतरी कुठेतरी डबा लपवतं, त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतं आणि आपण फोन हातात धरून तो शोधून काढायचा. मी विचारलं, आणि सापडल्यावर? तर म्हणे, आतल्या वहीत सही करायची आणि डबा होता तिथे ठेवून घरी यायचं. मी म्हटलं, एवढंच? ती म्हणाली, एवढंच. म्हणून तर मजा.

वाचनालयामागच्या बागेत गेलो. फोन म्हणाला, तीन मीटर. टाचणी म्हणाली, आता फोन खिशात टाक, इथून पुढे डोळे. पाऊण तास मी झुडपं धुंडाळली, कुंड्या हलवल्या, एका आजोबांना बाकावरून उठवलं. शेवटी दमून त्याच बाकावर बसले आणि खाली वाकून पाहिलं. लोखंडी पट्टीला सहा बोल्ट होते. पाचांवर गंज होता, सहाव्यावर नव्हता. काचेवरचा केसाएवढा ओरखडा शोधण्यात जन्म गेला माझा, मला तो न दिसून कसं चालेल? ओढला तर हातात आला. आत पोकळ, आणि पोकळीत कागदाची बारीक सुरळी. मी तिथेच टाळ्या पिटल्या. आजोबा लांब जाऊन बसले.

सुरळीवर सगळ्यांनी गमतीदार टोपणनावं लिहिलेली. मी मात्र नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं वळणदार अक्षरात लिहिलं. शाळेत सिस्टर अर्धी सही चालवून घ्यायच्या नाहीत. पान फाडून परत लिहायला लावायच्या. टाचणीने त्यापायी किती पानं फाडली असतील! तिने माझी सही पाहिली आणि बराच वेळ पाहतच राहिली. म्हणाली, तू अगदी तश्शीच आहेस गं. आणि माझा हात घट्ट धरला.

१० मार्च, रविवार

चार दिवसांत नऊ डबे. गुडघे कुरकुरतात, पण झोप लहान बाळासारखी लागते. पुलाच्या कठड्यातल्या भेगेत एक, पक्ष्यांच्या लाकडी घरट्यात एक, आणि एक तर चक्क प्लास्टिकच्या गोगलगायीच्या पोटात.

रविवारी इथले पाच-सहा शोधे एकत्र जमतात. त्यातले दातांचे डॉक्टर मला फार आवडले. खेळातलं त्यांचं नाव बत्तीशी. वहीतली माझी सही पाहून ते हसतच सुटले. म्हणाले, अहो ताई, इथे खरं नाव कुणी लिहितं का? उद्या माझ्या पेशंटला कळलं की डॉक्टर रविवारी झुडपात शिरतो, तर तो तोंड उघडेल का माझ्यासमोर? एखादं छानसं टोपणनाव घ्या. मी म्हणाले, आहे ना, बटण. लिहायलाच घेत होते तर टाचणी मध्ये पडली. राहू दे तिला, तिला नाही जमायचं, तिने सही केली की पूर्णच करणार, म्हणाली. जरा तोडूनच बोलली. मला उगाच बरं वाटलं. आपलं वळण कुणालातरी ठाऊक आहे, जपावंसं वाटतंय, असं.

डॉक्टरांनी दोन नियम समजावले. पहिला, बाहेरच्या माणसाची डब्यावर नजर पडता कामा नये. लोक रोज शेजारून जातात पण त्यांना दिसत नाही, त्यातच सगळी गंमत. दुसरा, मोठ्या डब्यात लहानसहान वस्तू असतात. एखादी आवडली तर खुशाल घ्यायची, पण बदल्यात तिच्या तोडीची ठेवायची. मी एक शिंपला घेतला आणि चष्म्याचा छोटा पेचकस ठेवला. डॉक्टर म्हणाले, ताई, तुम्ही तोट्यात.

१७ मार्च, रविवार

भाचीचा फोन. दर रविवारी करते, गुणाची पोर. भावाच्या मागे मीच तिचं अक्षर घोटून घेतलं, त्यामुळे सहीसुद्धा माझ्यासारखीच आहे. खेळाचं ऐकून खिदळली. म्हणाली, आत्या, तू झुडपात? मला बघायचंच आहे. बारा एप्रिलला सुट्टी घेऊन येते, मलाही शिकव.

टाचणीला सांगितलं तर तिने आधी कॅलेंडरात तारीख शोधली. मग म्हणाली, त्याआधी तुला एक खास डबा दाखवायचाय. नकाशावर नाही तो. जुन्या शोध्यांनी एकमेकांना तोंडी सांगत आणलेला. बुधवारी जाऊ.

२० मार्च, बुधवार

कालव्याच्या काठाने दीड तास चाललो. ऊन छान होतं. टाचणी सबंध वाटेत एक शब्द बोलली नाही, आणि तिला गप्प राहणं कधीच जमलेलं नाही. मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

कालव्याच्या टोकाला बंद पडलेलं पंपघर आहे. लाल विटांचं, छपराला भोकं, आत गंजलेलं मोठं चाक. चाकामागच्या कोनाड्यात लोखंडी डबा होता. शोधावा लागला नाही, टाचणीने सरळ हात घातला.

आत जाडजूड वही. पानोपान टोपणनावं. बत्तीशी होतं, टाचणी होतं, रविवारच्या सगळ्या मंडळींची होती. एवढ्या नावांत पूर्ण सही एकच. पिटूची. तीन वर्षांपूर्वीची तारीख. मी म्हटलं, अगं, पिटूही खेळायची? टाचणी म्हणाली, मीच आणलं होतं तिला इथे. मला म्हणाली, आई, बटणमावशीसारखी सही करते बघ.

मला गहिवरून आलं. पिटूच्या खाली मी माझं नाव लिहिलं. तिन्ही शब्द, एकही वेलांटी न चुकवता. डब्याच्या तळाशी केसांची एक पिवळी क्लिप होती, तेवढीच वस्तू. टाचणीने ती उचलली, मुठीत धरली आणि एकदम हुंदके देऊन रडायला लागली. माझ्या गळ्यात पडून म्हणत राहिली, तुझे उपकार, तुझे फार उपकार. मी तिची पाठ थोपटली. लेक परदेशी असली की आईचं असंच होतं.

बदल्यात काय ठेवू, मी विचारलं. ती म्हणाली, काही नको. झालं.

नियमात बसत नव्हतं म्हणून मी चष्मा पुसायचा रुमाल ठेवला.

२३ मार्च

पावाच्या दुकानात आज माझ्या मागच्या तिघांना आधी मिळालं. चौथ्या वेळी मी मोठ्याने खाकरले. दुकानदारीण माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत राहिली. माझ्याएवढी गोल बाई दिसू नये म्हणजे कमाल आहे! गल्ल्याशेजारचा पाव उचलला आणि तशीच बाहेर आले. ओरडलं नाही कुणी.

वाचनालयाचं आपोआप उघडणारं दार उघडलं नाही. दुसरं कुणीतरी येईपर्यंत थांबले.

डॉक्टर समोरून आले. मी हात केला. ते गेले.

टाचणी तीन दिवस वर आलेली नाही. तिच्या खोलीतून बोलण्याचा आवाज येतो. रेडिओ असेल.

२४ मार्च, रविवार

भाचीचा फोन आला. मी बोलत होते आणि ती म्हणत होती, हॅलो, आत्या? हॅलो? आवाज येत नाहीये गं. मी ओरडून बोलले. ती म्हणाली, कुणी उचललंय की नाही? आणि ठेवला.

मग तिचा निरोप आला. बारा तारखेला नक्की येते. मी उत्तर लिहिलं. जात नाही. चार वेळा लिहिलं.

बूट झिजले म्हणून मोची शोधायला निघाले होते, ते राहिलंच.

२७ मार्च

हे नीट लिहून ठेवते. माझी नजर चांगली आहे. चष्मा पुसला, काढला, पुन्हा घातला, तरी तेच.

जिन्यातल्या त्या फोटोत टाचणीच्या हाताखाली आता खांदा आहे. निळ्या फ्रॉकची बाही. बाहीला मी घातलेल्या चुण्या. मान अजून नाही.

खालच्या दिवाणखान्यात आमच्या वर्गाचा फोटो आहे. दुसऱ्या रांगेत टाचणी, तिच्या शेजारी मी. मी तिथे नाही. टाचणी आणि पुढची मुलगी यांच्यामध्ये विटांची भिंत. कुणी खोडलेलं नाही, कापलेलं नाही. भिंत अगदी स्वच्छ दिसते, सांध्यांसकट.

२९ मार्च

दुपारी पाणी आणायला खाली गेले. स्वयंपाकघरात पाठमोरी एक मुलगी बसलेली. केसांत पिवळी क्लिप. दोन्ही हातांनी पाव खात होती, कित्येक दिवसांच्या उपाशी माणसासारखी. टाचणी तिच्या पावाला लोणी लावत होती आणि म्हणत होती, सावकाश गं, कुणी नेत नाही.

मग टाचणीने मान वर केली.

दुकानदारीण बघते तसं नाही. माझ्यावरून पलीकडे नाही. माझ्या डोळ्यांत पाहिलं तिने. पुरती ओळख होती त्या नजरेत. मग तिने खाली पाहिलं आणि दुसऱ्या पावाला लोणी लावायला घेतलं.

तिला मी दिसते.

नऊ दिवस तिला मी दिसतेय. जिन्यात शेजारून गेली तेव्हा. बागेत हाक मारली तेव्हा.

३१ मार्च, रविवार

पिटू झोपली होती. मी टाचणीच्या समोरच्या खुर्चीत जाऊन बसले आणि उठले नाही. तासाभराने ती बोलली. जसं बोलली तसं लिहिते.

जो त्या वहीत खरं पूर्ण नाव लिहितो तो डब्याचा होतो. डबा जसा लोकांच्या नजरेतून निसटतो तसा तोही. आधी दिसेनासा होतो, मग आठवेनासा. फक्त ज्याने तिथे नेलं त्याला दिसत राहतो. तिने पिटूला नेलं तेव्हा हे काहीच ठाऊक नव्हतं. तीन वर्षं लेक घरात होती आणि शेजारीपाजारी विचारायचे, तुम्ही एकट्याच का हो राहता?

एक घ्यायचं तर एक ठेवायचं. पिटूला सोडवायचं तर तिच्या तोडीचं दुसरं नाव हवं. तिने रविवारच्या मंडळींना एकेक करून नेलं. डॉक्टरांनासुद्धा! सगळ्यांनी टोपणनावं लिहिली आणि हसत घरी गेले.

मग तिने विचार केला म्हणे, की जगात असं कोण आहे जे अर्धी सही करणारच नाही.

म्हणून पत्र. म्हणून चादर, लॅव्हेंडर.

मी विचारलं, मीच का. हे तर तिने सांगितलंच होतं. तरी विचारलं. ती म्हणाली, तुझ्यामागे कोण आहे गं? नवरा नाही, मूल नाही. कुणाचं काय अडणार होतं?

एकावन्न वर्षांची मैत्री आणि तिने हा हिशेब आधीच करून ठेवला होता.

विचारलं असतंस तर. एकदा तरी. पिटूसाठी कदाचित मी आपण होऊन — माहीत नाही. पण विचारायचं होतंस.

मग ती जवळ सरकली. हळू आवाजात म्हणाली, बटणे, वाटही आहे. तुझी भाची येतेय ना बाराला? तिचीही सही तुझ्यासारखीच, तूच म्हणालीस. तुला काही करायचं नाही. मी नेते तिला. तू नुसती मान हलव.

आणि ती प्रेमाने म्हणाली. खरंच प्रेमाने.

२ एप्रिल

पंपघरात गेले. दीड तासाची वाट, दोनदा सायकलवाले अंगावर आले, मीच बाजूला झाले.

वहीत पिटूच्या नावावर आडवी रेघ. शाई ताजी. खाली माझं नाव.

खोडरबराने खोडलं. पान फाटेपर्यंत. फाटलं आणि माझं नाव मागच्या पानावर होतं. तेही फाडलं. त्याच्या मागच्यावर.

रुमाल नव्हता डब्यात.

एक विचार आला, तो लिहिते, लपवत नाही. परतताना सबंध वाट मी भाचीच्या सहीचा विचार करत होते. ती आडनावाची शेवटची रेघ कशी लांब ओढते ते. किती सोपं आहे ते. कालव्याच्या पुलापर्यंत हाच विचार. पुलावर बसले आणि उलटी झाली. पोटात काही नव्हतं.

नाही हलवणार मान.

पण टाचणी माझ्यासाठी म्हणून न विचारताच तिला नेईल — तिने मला कधी विचारलं होतं?

३ एप्रिल

पिटूला मी दिसते!

जिन्यात भेटली. थांबली. डोळे बारीक करून, लांबचं वाचावं तशी, म्हणाली, मावशी? मला काही माहीत नव्हतं गं मावशी. आईने सांगितलं, सुटलीस, कशी ते सांगितलं नाही. माझे हात धरायला गेली. तिचे हात गार होते. माझे तिला लागले की नाही कळलं नाही.

म्हणाली, भूक आधी जाते. मग आरशातले हात. मग बरं वाटायला लागतं, त्याची फार भीती वाटायची.

म्हणाली, जशी मी परत येतेय तशी तू पुसट होतेयस. परवापर्यंत दिसशील बहुतेक.

म्हणून लगेच सांगितलं. भाचीचा नंबर माझ्या फोनमधून उतरवून घे, तुझ्या फोनवरून लिही. बारा तारखेला येऊ नकोस. या गावात कधीच येऊ नकोस. माझ्या मैत्रिणीने बोलावलं तरी नाही. तिने लिहिलं, मला वाचून दाखवलं, माझ्यासमोर पाठवलं. लिहिताना रडत होती. टाचणी बाजारात गेली होती.

पिटूवर रागावता येत नाही. प्रयत्न केला.

४ एप्रिल

उत्तर नाही.

भूक नाही.

जिन्यातल्या फोटोत पिटू आता पूर्ण आहे. दात पडलेले, हसते आहे.

तीन मार्चच्या पानावर काय होतं — या वहीची आधीची पानं फिकी होत चाललीत. मला वाचता येतात. दुसऱ्या कुणाला —

५ एप्रिल

उत्तर आलं. पिटूने जिन्यात उभं राहून वाचलं, मी कुठे आहे ते नीट न कळून, भिंतीकडे तोंड करून.

ताई, तुमचा निरोप चुकून मला आलेला दिसतो. मला आत्या नाही. माझे वडील एकुलते होते.

पिटू दोनदा हाक मारून खाली गेली. मी तिच्यासमोरच होते.

सुटली पोर. येणार नाही. कुणाकडे येईल?

सुटली.

माझीही वाट बंद झाली. मीच केली. हे मात्र मी विचार करून —

तिचं अक्षर मी घोटून घेतलं होतं. कुणी शिकवलं असं तिला वाटत असेल?

६ एप्रिल

आरशात हात नाहीत. पेन दिसतं.

टाचणी, ही वही तुझ्या टेबलावर ठेवतेय. वाचू शकशील अशी तू एकटीच उरलीस. म्हणून तुलाच सांगावं लागतंय, दुसरं कुणी असतं तर तुला सांगितलं नसतं.

करड्या रंगाचा लोकरी कोट पिटूला. तिला अजून थंडी वाजते, तुझ्या लक्षात आलं नसेल. बाह्या दोन बोटं लांब होतील, दुमडून टाके घाल.

बारीक पकड आणि काचा मोजायचं यंत्र दातांच्या डॉक्टरांना. कुणी दिलं म्हणून विचारतील. सापडलं म्हण. त्यांना आनंदच होईल.

पुस्तकं, आईची अंगठी, कपाटातल्या वरच्या कप्प्यातली पत्रं भाचीला. पोस्टाने. पाठवणाऱ्याचं नाव घालू नकोस. तिला आत्या नसली तरी चालेल.

फोन कुणालाच नको. पंपघरातली वही नुसती फाडून भागणार नाही, मी करून पाहिलं. डब्यावर विटा रच. कोनाडा बुजव. पिटूकडून करून घेऊ नकोस, तू स्वतः कर, आणि तिथे कुणालाही, टाचणी, कुणालाही —

अक्षर हलतंय. थांबत नाही.

खाली तुम्ही दोघी हसताय. पिटूचं हसू कळतं. तुझंही.

राहिलीस तू. तुला काय द्यायचं ते मी चार दिवस ठरवत होते. आधी एक ठरवलं होतं, ते बदललं. आता शेवटचं. तुला मी